आग्नेय कोपरा

अर्विंग, २३ नोव्हेंबर

राधा,

वर आशीर्वाद लिहिणार होते. तो तुला चालेल की नाही कळेना, म्हणून नुसतं नाव.

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस. कागद ब्लॉक करता येत नाही, म्हणून हे. सईचा फोन आला होता. तू तिच्या बाळंतपणासाठी सांता क्लाराला गेलीस, मार्चपर्यंत परत येणार नाहीस आणि घराकडे बघायला कुणी नाही, असं म्हणाली. मी दहा मिनिटांवर राहते याची तिनेच मला आठवण करून दिली. आईला मी हँडल करते, मावशी, तू फक्त हो म्हण, म्हणाली. तिने तुला कसं हँडल केलं ते विचारलं नाही. शेजारच्या बाईंकडून किल्ली घेतली.

घर ठीक आहे. बाहेरच्या नळांवर थर्मोकोलच्या टोप्या घातल्या. हीटर अगदी कमीवर ठेवला आहे. ज्या दिवशी गोठणार असेल त्या दिवशी येऊन आतले नळ थेंबथेंब सोडून ठेवीन. अतुलच्या खोलीचं दार बंद होतं, ते बंदच ठेवलं. त्याला जाऊन, तुला एकटीने राहायला लागून वर्ष होत आलं. तेव्हा मी दाराशी येऊन परत गेले, हे तुला कुणी सांगितलं असेल.

आईला पुण्यात वृद्धाश्रमात ठेवलं म्हणून तू माझ्याशी बोलणं टाकलंस. ते मी आजही पुन्हा करीन. ती पडायची तेव्हा तिला उचलणारं माणूस हवं होतं, आणि आपल्या दोघींपैकी कुणी ते नव्हतं. हे आज लिहायचं नव्हतं. लिहिलं गेलं.

एक विचारायचं आहे. निवृत्त झाल्यापासून मी मेटल डिटेक्टर घेऊन जुनी नाणी शोधते. हसू नकोस. आमचा एक क्लब आहे, त्यात मी सोडून सगळे पुरुष आहेत आणि सगळ्यांचे गुडघे गेलेले आहेत. तुझं घर त्या भागातल्या जुन्या घरांपैकी आहे, आणि त्याआधी तिथे कापसाचं शेत होतं. मागच्या अंगणात मशीन फिरवू का? जमीन ज्याची त्याला विचारल्याशिवाय खणायचं नाही, एवढा एकच नियम आम्ही पाळतो. नको असेल तर सईकडून तसं कळव. काही कळलं नाही तर तुझी हरकत नाही असं धरीन.

मालिनी


अर्विंग, १३ डिसेंबर

राधा,

तुझ्याकडून नको आलं नाही. म्हणून परवा आणि काल अंगणात होते.

दोन दिवस बारीक पाऊस आणि उत्तरेचा वारा. नाणी शोधायला हे उत्तम. इथली काळी माती उन्हाळ्यात दगड होते आणि हिवाळ्यात लोणी. गवत पिवळं पडून झोपलेलं असतं, त्याला कापलं तरी लागत नाही. मातीचा गोल तुकडा टोपणासारखा उचलायचा, खाली जे असेल ते काढायचं, टोपण परत बसवायचं. बोटं बधिर होतात, तेवढंच.

पाठीमागे गव्हाच्या लोंब्यांचं चित्र असलेल्या जुन्या पेन्या मिळाल्या. दहा सेंटची एक चांदीची डाइम मिळाली, पंखांची टोपी घातलेल्या बाईची, १९४३ची. शिशाची खेळण्यातली गाडी, चाकं नसलेली. बाकी बिअरच्या कॅनवरून उपटलेल्या कड्या. त्या घरात आधी जे कोण राहत होते ते पीत बरेच असावेत.

सगळं तुझं आहे. पुडी करून स्वयंपाकघरातल्या चमच्यांच्या खणात ठेवली आहे. सापडलेलं लपवायचं नाही हाही नियमच म्हणायचा.

मागे कुंपणाजवळ एक खड्डा जरा खोल झाला. बुजवला आहे.

सई कशी आहे? पाय सुजतात म्हणत होती. मीठ कमी दे.

मालिनी


१५ डिसेंबर. पेटीत न टाकलेलं.

राधा,

खड्डा जरा खोल झाला असं लिहिलं, त्याबद्दल.

आग्नेय कोपऱ्यात, कुंपण वळतं तिथे, मशीनने स्वच्छ आवाज दिला. पडद्यावर चांदीचा आकडा. खोल. जुन्या शेतकऱ्याने बरणीत डॉलर पुरून ठेवले असतील असं वाटलं. क्लबमध्ये अशा गोष्टी फार ऐकू येतात. सांगणाऱ्याला स्वतःला कधी सापडलेल्या नसतात. मी गुडघ्यावर बसले आणि खणत गेले. हात कोपरापर्यंत आत होता तेव्हा दातेरी खुरपं धातूला लागलं.

तांब्याची डबी होती. खुरप्याने झाकण फाटलं होतं. आत काळं पडलेलं धान्य, वाळलेलं शेवाळ, पोवळ्याचा तुकडा आणि चांदीच्या पत्र्याचा माणूस, पालथा. कमरेत वाकला होता आणि वाकला तिथे चीर गेली होती.

तेव्हा कळलं. अमेरिकेतल्या घरांखाली काँक्रीटची लादी असते, ती फोडता येत नाही, म्हणून वास्तुशांतीला वास्तुपुरुष बाहेर गवतात पुरतात, हे मी ऐकून होते. आग्नेयेला पुरतात हे तर लहानपणापासून माहीत होतं. खणताना आठवलं नाही. तुमच्या वास्तुशांतीला मी असते तर तो कोपरा मी डोळ्यांनी पाहिला असता. मला बोलावणं नव्हतं. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. नाही, थोडं तक्रार म्हणूनच लिहिते आहे.

माझा यावर विश्वास नाही. दोन ग्रॅमचा पत्रा वाकला म्हणून घराला काही होत नाही. सईचं बाळ सईच्या पोटात आहे, टेक्ससच्या मातीत नाही. हे सगळं मी स्वतःला नीट सांगितलं. मग डबी टॉवेलात गुंडाळून गाडीकडे निघाले. शेजारच्या बाई खिडकीत आल्या. मी डबी पाठीमागे धरली आणि त्यांना दुसऱ्या हाताने हाय केलं.

ज्याचा विश्वास नाही त्याने डबी पाठीमागे का धरावी?


अर्विंग, ३ जानेवारी

राधा,

काल तू सांगितलंस तसं केलं.

सईने फोनवर सगळं सांगितलं. माझी पत्रं महिनाभर तिच्या फ्रिजवर पडून होती आणि ती तू या आठवड्यात उघडलीस. म्हणजे मी अंगणाबद्दल विचारलं ते तू वाचलंच नव्हतंस, आणि मी तुझी हरकत नाही असं धरून बसले. माझी चूक झाली. यापुढे मशीन लावणार नाही.

तू रागावली नाहीस याचं नवल वाटलं. सईने तुझं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. "ताईला म्हणावं, हवं तिथे खण, फक्त आग्नेय कोपरा सोड. तिथे अतुलने वास्तुपुरुष ठेवलाय. आणि पौर्णिमेला तिथे दहीभात ठेव. विश्वास नाही माहीत आहे. तरी ठेव."

किती वर्षांनी तू मला काही काम सांगितलंस.

ताजा भात केला. दही कोमट घेतलं, थंडीत घट्ट होतं म्हणून. केळीचं पान कुठलं मिळणार, पत्रावळी होती तुझ्याकडे, त्यावर ठेवला. पाणी फिरवलं. हात जोडले. थोडा वेळ थांबले. मग एक खार आली आणि माझ्याकडे बघत बघत जेवली.

मालिनी


१७ जानेवारी. हेही पेटीत न टाकलेलं.

राधा,

त्या पौर्णिमेला नैवेद्य दाखवला तेव्हा डबी माझ्या घरी ओट्यावर होती. मी रिकाम्या मातीला हात जोडले. तू विचारशील, तुझ्या दृष्टीने ती आधीही रिकामीच होती ना? मी स्वतःला तेच विचारलं. तरी पाय गारठेपर्यंत तिथून हलता आलं नाही.

गुरुनाथ भानोसे म्हणून इथे गुरुजी आहेत. आठवडाभर सॉफ्टवेअर टेस्टिंग करतात, शनिवार-रविवार पूजा सांगतात. त्यांना फोन केला. ओळखीच्या एका घरात असं असं झालं आहे, असं मी म्हटलं. कुणी खणला, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माळ्याने.

"माळ्याला काय बोलणार, त्याला कुठे माहीत," गुरुजी म्हणाले. "खंडित झालेला वाहत्या पाण्यात सोडायचा आणि नवा ठेवायचा. तासाभराचं काम आहे. फक्त संकल्प घरच्या माणसाने करायचा."

"घरचं माणूस नसेल तर?"

"नसेल कसं? काकू, घर काय आपोआप उगवलं?"

मी बरं म्हणून फोन ठेवायला लागले. त्यांना वाटलं मी दुखावले. मग म्हणाले, "तुम्ही निदान फोन तरी केलात. इथे लोक डिव्होर्समध्ये घर वाटून घेतात, टीव्ही कुणाचा यावर भांडतात, पण याला कुणी विचारत नाही. घरच्यांना सांगून टाका. सांगितलं की अर्धं काम होतं."

सांगून टाकायला घरचं माणूस एकच आहे, आणि ते नुकतं माझ्याशी बोलू लागलं आहे.

मग सोनाराकडे गेले. हैदराबादचा आहे, किराणा दुकानाच्या शेजारी बसतो. त्याने भिंगातून बराच वेळ पाहिलं. "आंटी, सीधा कर दूँगा, पर लकीर रह जाएगी." मी नको म्हटलं. त्याने खणातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत वास्तुपुरुष होते, डझनभर, एकमेकांवर पालथे पडलेले. "नया ले लो. मिट्टी के नीचे कौन देखता है?"

एक घेतला. डबीही घेतली.

तो एवढं सरळ बोलला म्हणून मला त्याचा राग आला. पण माझ्या मनात आलेलंच तो बोलला होता.


अर्विंग, २६ जानेवारी

राधा,

आजी झालीस. सईने फोटो पाठवला. अनिका नाव छान आहे. कपाळ आईचं आहे, तुझ्या लक्षात आलंच असेल.

इथे दोन दिवस बर्फ होतं. पाऊस पडला आणि पडता पडता गोठला. रस्ते बंद होते तरी हळूहळू गाडी नेली. तुझे नळ थेंबथेंब सोडून ठेवले, सिंकखालची कपाटं उघडी ठेवली म्हणजे पाइपला ऊब लागेल. काही फुटलं नाही. झाडं काच चढवल्यासारखी दिसत होती आणि वारा आला की सगळं अंगण वाजत होतं.

आग्नेय कोपऱ्यात सगळं ठीक आहे. तू विचारायच्या आधीच सांगते.

सईला अळीव आणि डिंकाचे लाडू पाठवले आहेत. तिला आवडणार नाहीत. तरी दे.

मालिनी


अर्विंग, ८ फेब्रुवारी

राधा,

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. अक्षर पाकिटावर पाहिलं तेव्हा आधी वाटलं की माझंच एखादं परत आलं. तुझं अक्षर माझ्यासारखं झालं आहे.

तू लिहितेस की अनिकाला उचलून उचलून तुझे हात भरून येतात, आणि मग आईची आठवण येते. "आईच्या बाबतीत तुझं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही, पण तू वाईट नव्हतीस," असं लिहिलं आहेस. हे वाक्य मी कितीदा वाचलं ते लिहीत नाही.

पुढे लिहितेस की सई घर विकायला सांगते आहे. एकटी कशाला राहतेस तिकडे, इथे ये, बाळ बघ, म्हणते. आणि तू ठरवलं आहेस की विकायचं नाही. मार्चमध्ये परत यायचं आणि तिथेच राहायचं. "त्याचे कपडे दिले, गाडी गेली. त्याच्या हातचं एवढंच उरलं आहे, तेही मातीत. ते टाकून कसं जाऊ? आणि ताई, आपण दहा मिनिटांवर असू."

राधा, मला तू दहा मिनिटांवर हवी आहेस. या वयात मला दुसरं काही नको आहे. गप्प बसले तर ते मिळतं. चार दिवस हाच हिशेब चालू होता, आणि तो दर वेळी जमत होता.

तो वास्तुपुरुष तिथे नाही.

सोबत दोन पत्रं जोडली आहेत. मी लिहिली आणि पाठवली नाहीत. त्यांत काय झालं ते आहे. पण त्यांतल्या पहिल्यातही एक खोटं आहे. ते कुणासाठी लिहिलं माहीत नाही, कारण वाचणारं कुणी नव्हतं.

डबी खुरप्याने फाटली नाही. खुरपं तिला नुसतं घासलं. ती अख्खी निघाली. अतुलने झाकण सोल्डर करून बंद केलं होतं, सगळीकडून सारखं, एकही थेंब बाहेर नाही. मी ती तुझ्याच स्वयंपाकघरात नळाखाली धुतली. झाकणावर टोकदार कशाने तरी कोरलेलं होतं. राधा-अतुल, आणि खाली साल. ते मी वाचलं. काय आहे, कुणाचं आहे, सगळं मला कळलं. तेव्हा माती ओली होती, खड्डा उघडा होता. पाच मिनिटांत ती होती तिथे गेली असती आणि तुला कधी सांगायचीही गरज पडली नसती.

मी ती हलवून पाहिली. आत नाणं वाजलं.

नाण्याचा आवाज मला कळतो. जुनं तांबं जाड असतं, त्याचा आवाज बुजका येतो. हे अमेरिकन नाही हे मला कळलं. मी खुरप्याचं टोक झाकणाखाली घातलं आणि दाबलं. सोल्डर सुटेना. जास्त दाबलं. टोक घसरून आत गेलं आणि त्याच्या कमरेला लागलं.

नाणं शिवराई आहे. झिजलेली, एका बाजूला श्री आणि राजा, दुसऱ्या बाजूला छत्र एवढं वाचता येतं. टेक्ससच्या मातीतून शिवराई काढणारं माझ्याशिवाय कोण असेल, असं मनात आलं. राधा, मी आनंदले होते. डबी टॉवेलात गुंडाळली ती नंतर. आधी मी नाणं पाहिलं. ते माझ्या टेबलावर आहे, प्लास्टिकच्या चौकोनात, इतर नाण्यांच्या रांगेत. खाली लिहिलं आहे, अर्विंग, डिसेंबर.

त्या पुडीत मी तुझ्यासाठी पेन्या ठेवल्या आणि हे ठेवलं नाही.

बर्फाच्या दिवशी मी नळांसाठी आले होते हे खरं. नवीन डबीही घेऊन आले होते. वरचा थर गोठला होता, तो फोडावा लागला. खाली माती मऊ होती. दुकानातला माणूस तिथे पुरला आणि वर टोपण बसवलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. मग घरी येऊन तुला लिहिलं की सगळं ठीक आहे.

तिथे आता जो आहे त्याचा तुझ्याशी आणि अतुलशी काही संबंध नाही. त्याच्यासाठी घर ठेवू नकोस. दुसऱ्या कशासाठी ठेवायचं असेल तर ठेव.

अतुलची डबी माझ्याकडे आहे. धान्य, शेवाळ, पोवळं, सगळं तसंच आत आहे. तो वाकलेला आहे. मी सरळ केला नाही.

माफी मागत नाही. मागितली तर तुला उत्तर द्यावं लागेल.

मालिनी


अर्विंग, १ मार्च

राधा,

दोन दिवसांसाठी आलीस आणि गेलीस. आपण बोललो ते थोडंच. मी गाडी चालवत होते आणि तू खिडकीतून बघत होतीस, म्हणून बरंच राहून गेलं. ते आता सगळं लिहिणार नाही. जे घडलं ते मला नीट आठवतं आहे का, एवढं बघते.

तू विमानतळावरून घरात गेलीच नाहीस. बॅग व्हरांड्यात ठेवली आणि कोट अंगावर तसाच, सरळ मागे गेलीस. वारा बोचरा होता. मी म्हटलं आधी चहा घे. तू विचारलंस, "मशीन कुठाय?"

"गाडीत."

"आण."

मी आणलं. तू हेडफोन मागितलास आणि कानटोपीवरून घातलास. मी काढायला सांगितली तर म्हणालीस, मला थंडी वाजते, तू चालव. मी कोपऱ्यावरून मशीन फिरवलं. आवाज मला बाहेर ऐकू येत नव्हता. तुझ्या तोंडाकडे बघून कळलं.

"हा नवा ना?"

"हो."

"त्याचा असाच होता?"

"थोडा खोल. पण असाच."

"म्हणजे यालाही फरक कळत नाही," तू म्हणालीस. मशीनबद्दल म्हणालीस असं मी धरलं.

मग तू खाली बसलीस. मी खणते म्हटलं तर खुरपं माझ्या हातातून घेतलंस. तुला ते नीट धरता येत नव्हतं, दातांची बाजू उलटी होती, आणि मी सांगितलं नाही. डबी निघाली. मातीसकट माझ्या हातात दिलीस.

"हा तू आणलास. घेऊन जा."

"मी तिसऱ्या मजल्यावर राहते, राधा. कुठे ठेवू?"

"तो तुझा प्रश्न."

घरात गेल्यावर मी अतुलची डबी टेबलावर ठेवली आणि शेजारी शिवराई. तू डबी उघडली नाहीस. झाकणावरून अंगठा फिरवलास, जिथे मी फाडलं तिथे थांबवलास. मग नाणं उचललंस.

"याच्यासाठी?"

"हो."

"हे त्याने पुण्याला जुन्या बाजारातून आणलं होतं. गुरुजींनी जुनं नाणं सांगितलं म्हणून. तीनशे रुपये दिले आणि महिनाभर म्हणत होता, फसलो, नकली असणार."

"नकली नाही," मी म्हटलं. "खरी आहे."

तू हसलीस. मोठ्याने, आई हसायची तशी. आणि मग ओठ घट्ट मिटलेस आणि उठून अतुलच्या खोलीत गेलीस. बऱ्याच वेळाने बाहेर आलीस. मी तोवर दोन वेळा चहा केला आणि दोन्ही वेळा ओतला.

दुसऱ्या दिवशी घर विकून देणारी बाई आली. तिने खोल्या मोजल्या, भिंतीचे फोटो घेतले. मागच्या अंगणातल्या गोल खुणा पाहून हे काय म्हणून विचारलं. मी तोंड उघडलं, पण तूच सांगितलंस. माझ्या बहिणीला छंद आहे, म्हणालीस. ती बाई म्हणाली, हाउ नाइस.

ती गेल्यावर तू मला बसवलंस आणि सांगितलंस की घर विकते आहे ते माझ्यामुळे नाही. "तुझ्यामुळे विकलं असं तुला म्हणता येऊ नये, म्हणून सांगते. अनिकाला मी हवी आहे. तिथे मातीत काही असतं तरी आज ना उद्या गेलेच असते." मी मान डोलावली. हे खरं होतं की माझ्यावर केलेली दया होती, मला कळलं नाही. दोन्ही मला नको होतं.

गाडीत एकदाच बोललीस. विमानतळाच्या फाट्याला वळलो तेव्हा.

"ताई, आईचं मी लिहिलं ते मागे घेत नाही. हे वेगळं आहे. त्यातून हे वजा करू नकोस."

मी बरं म्हटलं. डोळ्यांना धूसर दिसायला लागलं म्हणून गाडी हळू केली. मागचा ट्रकवाला हॉर्न देत राहिला.

अतुलची डबी तू पर्समध्ये ठेवलीस. मोठ्या बॅगेत टाक, सिक्युरिटीत अडवतील, एक्स-रेमध्ये काय दिसेल सांगता येत नाही, असं मी म्हणत होते. तू ऐकलं नाहीस. पर्स छातीशी धरून आत गेलीस आणि वळून पाहिलं नाहीस. मी पार्किंगमध्ये बसून राहिले. विमान सुटल्याचं सईने कळवलं तेव्हा निघाले.

त्यांनी डबी उघडायला लावली का? हे काय आहे म्हणून विचारलं असेल तर तू काय सांगितलंस? मला विचारायचा हक्क नाही. तरी विचारते.

मालिनी